आठळ्यांचं पाणी

माणसाला फणसाची उपमा देणाऱ्यांनी आयुष्यात कधी फणस कापलेला नसतो, असं ती म्हणायची. बाहेरून काटेरी आणि आतून गोड, एवढंच त्यांना ठाऊक. मधल्या चिकाचं कुणी नाव काढत नाही. तो बोटांना चिकटतो, कोपरांना चिकटतो, चुकून हात डोक्याला लागला तर केसांना चिकटतो. पाण्याला तर तो भीक घालत नाही. त्याला तेल लागतं, आणि तेलानेही पुरता निघत नाही. फळं डब्यात भरणाऱ्या एका कारखान्याच्या शेडमध्ये तिने उभी हयात फणस कापले. घरी आली की गल्लीतल्या पोरांना वासावरूनच कळायचं.

गल्लीत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती सगळ्यांची आठळीमावशी. नाव पाडणाऱ्याने थट्टेने पाडलं होतं, पण पुढे लोक ते मानाने घ्यायला लागले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खरं असेल, पण आठळीमावशीच्या बाबतीत ते खोटं ठरलं. तिचा माल ती राहायची तिथेच सगळ्यात जास्त मानला गेला, आणि तो ती विकत नव्हती, फुकट वाटत होती.

माल म्हणजे काय, तर कारखान्याचा कचरा. शेडमध्ये पत्रा ठोकलेलं एक लांबलचक टेबल होतं. दोन्ही बाजूंनी बायका उभ्या, हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले. फणस उभा चिरायचा, मधला दांडा काढायचा, गरा सोडवायचा, त्याला एक चीर द्यायची आणि अंगठ्याने आठळी बाहेर ढकलायची. गरा पांढऱ्या ट्रेमध्ये जायचा आणि आठळी पायाजवळच्या ड्रममध्ये. ट्रे पुढे सरकत साखरेच्या पाकाकडे जायचे. ड्रम मागच्या दाराने सालींच्या गाडीत रिकामे व्हायचे. मुकादम ड्रमाकडे बोट करून "तो कचरा उचला" म्हणायचा, आणि वर्षानुवर्षं त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तिलाही वाटलं नव्हतं. पण लेक लहानपणी फार किडकिडीत होती. दंड असा की बांगडी खांद्यापर्यंत चढायची. दूध अंगी लागत नव्हतं, भात नको म्हणायची, सारखी आजारी. नवऱ्याची बाजारातल्या जिन्याखाली चाव्या बनवायची टपरी होती आणि चाव्या हरवणारी माणसं त्या दिवसांत जरा जपून वागत होती. तेव्हा टेबलावर तिच्या शेजारी उभी राहणारी एक म्हातारी बाई म्हणाली, "मी आठळ्या उकडून माझ्या कोंबड्यांना घालते. अंडी बघायला ये एकदा." तिने अंडी बघितली. मग एके दिवशी पदरात आठळ्या बांधून घरी आणल्या.

त्यानंतर तिने आठळीचं जे काही केलं ते सांगायला बसलो तर पान पुरायचं नाही. वरचं पांढरं साल काढून उकडली. तव्यावर भाजली. वाळवून दळली आणि त्या पिठाची लापशी केली. कच्ची खाऊन पाहिली आणि पोट धरून बसली. ते एकदाच. हंगाम संपल्यावर हाल नकोत म्हणून कोरड्या वाळूत पुरून ठेवली, आणि वर्षभर तिच्या खाटेखालून आठळ्या निघत राहिल्या. लेकीच्या गालावर मांस चढलं. दोन वर्षांत ती गल्लीतल्या पोरांना मारून यायला लागली, आणि आईने त्याबद्दल तिला कधी रागे भरलं नाही.

नवरा गमत्या होता. म्हणायचा, "अगं, ताकद येते हे खरं, पण पोट बोलतं त्याचं काय? काल गिऱ्हाईक कुलूप घेऊन समोर उभं, आणि माझं पोट त्याला जाब विचारतंय." ती म्हणायची, "बोलू द्या. मुकं पोट काय कामाचं?" तो हसायचा आणि वाटीत उरलेल्या दोन आठळ्या उचलायचा. त्या दोघांचं असंच होतं. ती सांगायची, तो ऐकायचा, आणि ऐकताना एक तरी टोमणा मारायचा. लग्न म्हणजे काय असतं हे ज्यांना पोथ्या वाचून कळलं नाही त्यांनी त्या दोघांना जेवताना बघायला हवं होतं.

मग एकदा आरोग्य केंद्राची नर्स कारखान्यात बायकांना तपासायला आली. सगळ्यांचं रक्त कमी, हिचं बरं. नर्सने विचारलं, काय खाता? ही म्हणाली, कचरा. सगळ्या बायका हसल्या, पण नर्स हसली नाही. तिने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की या बीमध्ये पिठूळ अंश असतो तशी प्रथिनंही असतात, पोट साफ ठेवणारा चोथा असतो, थोडं लोह असतं, मॅग्नेशियम असतं, पोटॅशियम भरपूर असतं. इतकं स्वस्त आणि इतकं पौष्टिक फार थोडं असतं, टाकू नका. आठळीमावशीने त्यातला एकच शब्द उचलला, कारण तो उच्चारायला दणदणीत होता. त्या दिवसापासून कुणाला आठळ्या देताना ती म्हणायची, "खा, पोटॅशियम आहे." काय असतं ते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिची स्वतःची अशी एक समजूत त्यातून पक्की झाली, आणि ती इथे नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. लोक जे फेकायला सांगतात त्यातच जास्त असतं, ही ती समजूत. गरा डब्यात जातो, पाकात बुडतो, दात खराब करतो. आठळी ड्रममध्ये जाते आणि पोर उभं करते. मग शहाणा कोण, मालक की कोंबडीवाली म्हातारी? ती हे इतक्या वेळा बोलली होती की गल्लीतल्या बायकांना पाठ झालं होतं. आणि याच न्यायाने ती आठळ्या उकडलेलं पाणीही फेकत नसे. गढूळ, तपकिरी, जिभेला तुरट लागणारं पाणी. सत्त्व सगळं पाण्यात उतरतं, असं तिचं म्हणणं. तापातून उठलेल्याला ते पाणी, बाळंतिणीला ते पाणी, परीक्षेला बसलेल्याला ते पाणी. वाईट कुणाचंच झालं नाही. उलट पेला धुऊन परत आणून देताना बायका म्हणायच्या, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे.

नवऱ्याचे पाय सुजायला लागले तेव्हा तिने आधी दुर्लक्ष केलं. दिवसभर टपरीत पाय लोंबकळत बसतो, सुजणारच. मग जिना चढताना त्याला धाप लागली. मग सकाळी डोळ्यांखाली सूज. रक्तदाबाची गोळी तो कित्येक वर्षं आठवेल तेव्हा घेत होता, आणि त्याला ती फारशी आठवत नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या बऱ्याचशा गेल्या आहेत. जे गेलं ते परत येणार नाही. औषधं वेळेवर आणि खाणं जपून, असं केलंत तर उरलंय ते बराच काळ टिकेल. नाही टिकलं तर डायलिसिसचं मशीन.

मशीनची खोली त्याने येता-जाता पाहिली होती. दार अर्धवट उघडं होतं आणि आत माणसं नळ्यांना जोडून पडली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाहेर आल्यावर तो बाकावर बसला आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता बोलला. "मला त्या मशीनला बांधू नकोस. तेवढं बघ." ती म्हणाली, "मी आहे ना." आणि खरंच, ती होती. त्याला मशीनपासून लांब ठेवायचं, यापलीकडे तिला मग दुसरा विचार उरला नाही.

खाण्यापिण्याचं समजावून सांगायला तिथेच आहारवाल्या बाई होत्या. वयाने लेकीएवढ्या, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं, मीठ अगदी कमी. फळं जवळजवळ बंद. नारळपाणी नको. भाज्या चिरून आधी भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं.

"फेकून?" तिने विचारलं.

"हो, फेकूनच. त्या पाण्यात जे उतरतं ते यांच्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. रक्तात साठत जातं. यांना ते विषासारखं आहे." मग बाईंनी विचारलं, "आणखी काही घेतात का घरी? काही वेगळं?"

नवऱ्याने तोंड उघडलं. तो सांगणारच होता, अगदी सहज, अभिमानाने. तिने टेबलाखालून त्याच्या मांडीला चिमटा काढला. तो गप्प बसला.

"नाही," ती म्हणाली. "आपलं साधं जेवण."

का म्हणाली? कारण विचारलं असतं तर बाई नको म्हणाल्या असत्या, आणि एकदा नको म्हटल्यावर तिला ते पाळावं लागलं असतं. शिकलेली माणसं तिच्या आठळीला काय समजतात हे तिला मुकादमापासून माहीत होतं. गोड बोलून फेकायलाच सांगतात. चिमटा काढताना तिच्या मनात पाप नव्हतं. त्या क्षणी तिला वाटलं की आपण त्याला वाचवतोय. या गोष्टीत मला सगळ्यात जास्त राग येतो तो या चिमट्याचा, आणि तरी तिच्या जागी बसून पाहिलं की माझाही हात टेबलाखाली जातो.

घरी तिने बाईंचा शब्द डोळ्यांत तेल घालून पाळला, असं तिचं तिला वाटत होतं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली आणि ती स्वतःही अळणी जेवू लागली. नातीने आजोबांना केळ्याचा तुकडा भरवला तर तिच्या हातातून काढून घेतला. भाज्यांचं पाणी मोरीत ओतताना तिचा जीव वरखाली व्हायचा, पण ओतायची. फक्त आठळ्यांचं पाणी तिने ओतलं नाही. उलट वाढवलं. एवढं सगळं बंद केल्यावर त्या माणसाला ताकद येणार कुठून?

"अगं, पाणी फेकायला सांगितलंय ना?" त्याने एकदा पेला हातात धरून विचारलं.

"भाजीचं सांगितलंय. ही काय भाजी आहे?"

"मग काय आहे?"

"औषध आहे. प्या."

त्याने पेल्यात बघितलं, मग तिच्याकडे. "तुझ्या हातचं विषसुद्धा गोड लागेल," तो म्हणाला, आणि तोंड वाकडं करत प्यायला, कारण ते गोड नव्हतं. ही थट्टा होती. अशा थट्टा तो रोज करायचा.

औषधांनी सूज उतरली. ती गोळ्यांनी उतरली होती, पण श्रेय पाण्याला गेलं. तो पुन्हा टपरीत बसू लागला. गल्लीने पाहिलं, बाजाराने पाहिलं. डॉक्टरांनी हात टेकले होते आणि आठळीमावशीने माणूस उभा केला, असं बायका नळावर सांगू लागल्या. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, पण सांगताना एवढं चालतं. तिने ते कुणाला खोडून काढलं नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं.

मग त्याच्या हातातून कानस पडायला लागली. बोटांना मुंग्या येतात म्हणाला. पाय भरून आल्यासारखे, जड. चावी घासताना दोन-दोनदा थांबायचा. एक दिवस म्हणाला, "छातीत मधेच काहीतरी चुकल्यासारखं होतं. पायरी चुकावी तसं."

"अशक्तपणा आहे," ती म्हणाली. आणि तिने सकाळच्या पेल्याच्या जोडीला संध्याकाळचा पेला सुरू केला.

हे लिहिताना हात थांबतो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण इथे पाय खोलात ढकलणारा हात बुडत्यावर जीव टाकणाऱ्या माणसाचा होता. त्याची ताकद ज्याने जात होती तेच ती त्याला ताकदीसाठी देत होती, आणि तो जेवढा गळत होता तेवढं जास्त देत होती. तिला थांबवणारं कुणी नव्हतं. थांबवू शकणारी एकच बाई होती, आणि तिला काही कळू नये याची सोय हिनेच केली होती.

भर दुपारी शेडच्या दाराशी घड्याळवाला आला. त्याची घड्याळदुरुस्तीची टपरी चावीवाल्याला लागूनच होती. दोघं एकाच किटलीतला चहा पिणारे. तो धावत आला होता. "वहिनी, चला," एवढंच म्हणाला. ती तशीच निघाली, तेलकट हातांनी. चावी घासता घासता तो पुढे झुकला होता, गिऱ्हाइकाला वाटलं काहीतरी खाली पडलं ते शोधतोय.

दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिला बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि सांगितलं, की हृदय बंद पडलं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं.

"पोटॅशियम तर चांगलं असतं," ती म्हणाली.

"तुम्हाआम्हाला चांगलंच. आपण ते वापरतो आणि जास्त झालेलं लघवीतून जातं. त्यांचं जात नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "घरी काही देत होतात का? फळांचा रस वगैरे?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, पेल्याचा आकार हाताने दाखवून. चिमट्याचंही सांगितलं. मग तिनेच विचारलं.

"आणि पाणी फेकलं असतं तर? नुसत्या आठळ्या दिल्या असत्या तर?"

"थोड्या, पाणी काढून टाकलेल्या, एखाद्या वेळी कदाचित चालल्या असत्या. बरंचसं पाण्यात उतरतं." मग ते घाईने म्हणाले, "पण त्यांच्या किडन्या आधीच गेलेल्या होत्या. अमुक एकाच गोष्टीनं झालं असं कुणी सांगू शकत नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टर भला माणूस होता. त्याने तिला एक वाट करून दिली होती, आणि दुसरी कुणी असती तर त्या वाटेने निघून गेली असती. तिने ती वाट घेतली नाही. बरंचसं पाण्यात उतरतं, हे वाक्य तिचंच होतं. आयुष्यभर ती तेच सांगत आली होती, आणि ते बरोबर होतं.

लेक आली. त्याला पोचवायला आलेल्या माणसांची गर्दी ओसरल्यावर आईने तिला जवळ बसवून सांगितलं, तुझ्या बापाला मी मारलं. लेकीने तिच्या तोंडावर हात ठेवला. "आई, असं बोलायचं नाही. तू किती केलंस ते सगळ्यांनी पाहिलंय." बाहेर ओट्यावर बायका तेच बोलत होत्या. किती ओढून काढलं हो त्याला. नुसत्या आठळ्यांवर जगवला. दुसरी असती तर त्याला कधीच मशीनला बांधून मोकळी झाली असती. आत बसून ती हे ऐकत होती. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसवल्या असत्या. हे कौतुक मात्र तिच्या अंगावर चिकासारखं बसलं.

ती पुन्हा कामाला जाऊ लागली, कारण घरी बसून करणार काय. टेबलावर पहिला फणस चिरला आणि अंगठ्याने आठळी ड्रममध्ये ढकलली, तर मुकादम स्वतः येऊन म्हणाला, "मावशी, आजपासून तुमच्यासाठी वेगळा ट्रे ठेवलाय. धुतलेला आहे. न्या हव्या तेवढ्या." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने आठळ्यांना कचरा म्हटलं नाही. ती म्हणाली, "फेका त्या." त्याला वाटलं, बाईला आठवण आली असेल. तो मान खाली घालून निघून गेला, आणि ट्रेमधल्या आठळ्या दुसऱ्या बायकांनी वाटून घेतल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी घड्याळवाल्याची बायको घरी आली. दाराशीच उभी राहून रडायला लागली. तिच्या नवऱ्याचीही तपासणी झाली होती. वर्षानुवर्षांची साखर, आणि आता किडन्या. तेच डॉक्टर, त्याच आहारवाल्या बाई.

"वहिनी, ते पाणी कसं करायचं ते सांगा. किती आठळ्या, किती उकळायच्या. मी करायला घेतलंय, पण तुमच्यासारखा रंग येत नाही."

आठळीमावशीने तिला मधेच तोडलं. "घेतलंय? त्याला पाजलंस?"

"कालपासून. बरं वाटतं म्हणाले."

तिने त्या बाईचे दोन्ही खांदे धरले. "ऐक माझं. त्या पाण्यानंच माझा माणूस गेला. मी मारला त्याला. डॉक्टरांना विचार."

घड्याळवाल्याची बायको आणखीच रडली आणि तिने हिलाच पोटाशी धरलं. "नका हो वहिनी असं बोलू. दुःख माणसाला काहीही बोलायला लावतं. माझा भाऊ गेला तेव्हा आई असंच म्हणायची, की मीच त्याला त्या दिवशी बाहेर जाऊ दिलं."

"अगं, हे तसं नाही! बाई पाणी फेकायला सांगतात ना तुला?"

"सांगतात की. पण तुम्हीच म्हणायचा ना, फेकायला सांगतात त्यातच जास्त असतं?" मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "आणि आम्ही तिथं काही बोलत नाही. भाऊजींनी यांना सांगितलं होतं, तिथं गप्प बसायचं."

म्हणजे त्या चिमट्याची गंमतही नवऱ्याने टपरीत सांगितली होती. हसतच सांगितली असणार.

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता आहारवाल्या बाईंकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. पुढच्या खेपेला ते येतील तेव्हा नक्की समजावून सांगते, म्हणाल्या. पुढच्या खेपेला! ती तिथून निघाली ती तडक घड्याळवाल्याच्या घरी. दार उघडंच होतं. गॅसवर पातेलं होतं, त्यात आठळ्या खळखळत होत्या, आणि तो खाटेवर बसून पेला फुंकत होता. "या वहिनी," तो म्हणाला, "तुमचंच औषध चाललंय."

तिने त्याच्या हातातून पेला काढून घेतला. पातेलं फडक्याने धरून उचललं आणि मोरीत रिकामं केलं. आठळ्या फरशीवर घरंगळत गेल्या, तिचा हात भाजला. "हे प्यायचं नाही," ती ओरडत होती, "मरशील, हे प्यायचं नाही."

घड्याळवाला घाबरून बघत राहिला. त्याची बायको मात्र बदलली. कालची माया तिच्या तोंडावर उरली नव्हती. ती खाली वाकून एकेक आठळी गोळा करू लागली आणि वर न बघता म्हणाली, "तुमचा गेला म्हणून दुसरीचा जगलेला बघवत नाही का तुम्हाला?"

"अगं बाई..."

"आयुष्यभर गल्लीला वाटलंत. आमच्या वेळेलाच बरं विष झालं. जा तुम्ही. जा."

दार बंद झालं. ती दाराबाहेर उभी राहिली. आत नळ सुटल्याचा आवाज आला आणि पातेलं पुन्हा गॅसवर बसलं. तिने दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी वाजवलं. मी माझा नवरा मारला, असं ती दाराला सांगत होती, गल्लीला सांगत होती, खिडक्यांना सांगत होती. खिडक्या उघडल्या. बायका बाहेर आल्या. कुणी तिच्या दंडाला धरलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. चला मावशी, घरी चला, असं म्हणत त्यांनी तिला घरी आणलं आणि खाटेवर बसवलं. काही खात नाही बिचारी, म्हणून चक्कर येते डोक्याला, असं ठरलं. एकजण धावत गेली आणि पेला घेऊन आली. मुकादमाच्या धुतलेल्या ट्रेमधल्याच आठळ्या. पाणी कोमट होतं आणि रंग अगदी जमला होता.

"घ्या मावशी. पोटॅशियम आहे. ताकद येईल."

तिने पेल्यात बघितलं. मग एका दमात तो संपवला आणि आणखी मागितला. दुसराही संपवला, आणि तिसरा. बायकांना बरं वाटलं. पोटात गेलं काहीतरी, म्हणत त्या आपापल्या घरी स्वयंपाकाला गेल्या. ती अंधार पडेपर्यंत तशीच बसून वाट बघत राहिली. तिला काहीही झालं नाही.